वहिनींचा उजवा पाय

माझ्या वहिनींचा उजवा पाय मेंदूचं ऐकत नाही. तो थेट रस्त्याचं ऐकतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. शहराच्या आमच्या अंगाला ज्या बायका आज एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने मागच्या सीटवरच्या पोरांना दटावत जातात, त्यांतल्या निम्म्या तरी वहिनींची बोलणी खाऊन तयार झालेल्या आहेत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, गोंधळला, आडवं कुत्रं आलं, की तो दाबायचा. वहिनी कुत्र्याच्या मनात यायच्या आधी दाबतात. मी त्यांच्याकडे शिकत होते तेव्हा बरेच दिवस मला वाटायचं, की मी फार छान ब्रेक लावते. परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक येऊन बसला, वहिनी मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, आणि तेव्हा कळलं की मी आयुष्यात कधी ब्रेक लावलेलाच नाही. चारदा परीक्षा दिली, चारदा नापास झाले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "नणंदबाई, तुम्ही आपल्या फोन उचलायला बसा." तेव्हापासून शाळेचा फोन मी बघते, गाड्या दादा बघतो, आणि आम्हा दोघांना वहिनी बघतात.

त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला तो लहान पेशींचा. नावात लहान, वागणुकीत दांडगट. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं होतं: हा भराभर वाढतो, केमोने भराभर वितळतो, आणि बहुतेक वेळा भराभर परत येतो. वहिनींनी तिन्ही गोष्टी अगदी क्रमाने करून दाखवल्या. केमो आणि छातीवरचे किरण संपले तेव्हा फोटो इतका साफ आला, की दादाने आनंदाच्या भरात दोन्ही गाड्यांचं ऑइल बदललं. वहिनींचे केस पुन्हा उगवायला लागले, तेही चक्क कुरळे. त्यांना ते आवडलेही होते. आणि तेवढ्यात आजारही उगवला. जुन्या जागी, छातीत, होताच. येताना यकृताच्या माथ्यावर एक नवा डाग घेऊन आला.

वहिनी सिगरेट ओढायच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारतातच. विचारताना चेहरा असा करतात, की उत्तर "हो" आलं की त्यांची स्वतःची फुप्फुसं सुखरूप झाली. परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभं राहून करायचं काय, म्हणून लागलेली सवय. सोडून बरीच वर्षं झाली. सोडताना वहिनींनी घरातल्या सगळ्यांची डोकी खाल्ली, पण सोडली.

तर आजार परत आला आणि आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. बाई ठेंगण्या, पायात पळायचे बूट, आणि कानामागे पेन्सिल. बोलता बोलता ती काढून त्या समोर जो कागद असेल त्यावर चित्र काढतात. त्या दिवशी समोर आमच्या औषधांची पिशवी होती, तीवर काढलं.

"एक नवं औषध आहे," त्या म्हणाल्या. "अजून प्रयोगात आहे, त्यामुळे मी कसलंही वचन देणार नाही. पण मला तुमच्यासाठी ते हवंय. या पेशींच्या अंगावर एक खूण असते. चांगल्या पेशींवर ती जवळपास नसतेच. औषधाचा एक भाग ती खूण हुडकून तिला चिकटतो. त्याच्या पाठीवर एक किरणोत्सारी अणू बसवलेला असतो, ल्युटेशियम नावाचा. बाहेरून किरण मारले, की वाटेत येईल ते भाजतं. हा आत जाऊन, पेशीला चिकटून, जवळच्या जवळ मारा करतो."

"लुटुपुटूचा नाही ना?" वहिनी म्हणाल्या.

"नाही हो. चांगला खराखुरा."

"म्हणजे नंबरप्लेट बघून पकडायचं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "अगदी तसंच."

"आणि एखादी बिननंबरची गाडी निघाली तर?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "तर ती सुटणार. म्हणून आधी एक वेगळा स्कॅन करायचा. औषध तेच, पण पाठीवरचा अणू नुसता दाखवणारा, मारणारा नाही. जिथे जिथे खूण असेल तिथे तिथे उजेड दिसेल. साध्या स्कॅनमध्ये जेवढे डाग आहेत, तेवढे सगळे उजळले पाहिजेत. एक जरी काळा राहिला, तरी तुम्हाला या प्रयोगात घेता येणार नाही."

"आणि मग?"

"मग दुसरी केमो आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. दादाने त्या न बोललेल्या भागाकडे बराच वेळ बघितलं. वहिनींनी पिशवी उचलली, चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांना नंबर असणार. माझ्या अंगात बिननंबरचं कोण फिरतंय?"

वहिनी अशाच बोलतात. खरं सांगायचं तर अशा बोलण्यावरच आमचं घर चालतं. पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात ती यकृतावरची नवी गाडी घरघरत राहिली. छातीतल्या डागांची बाईंना काळजी नव्हती. ते जुने, ओळखीचे. शंका होती ती या नव्याची.

स्कॅनच्या दिवशी वहिनींना एका जाड भिंतींच्या खोलीत एकटीला बसवलं. शिशाच्या वेष्टनातली सुई आली, टोचणारी नर्स टोचून झाल्या झाल्या लांब झाली. "एवढी लांब का गेलीस गं? मी चावत नाही," असं वहिनी म्हणाल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं. मग अंगात ते औषध भिनेपर्यंत वाट बघायची. दादा कॉफीच्या मशीनवरच्या सूचना वाचत उभा होता. त्याने त्या दोनदा वाचल्या आणि कॉफी घेतलीच नाही.

वहिनींना आत नेलं. आम्ही बसलो. अजून खूप वेळ लागणार असं सांगितलं होतं, आणि मध्येच दार उघडून स्कॅनवाला बाहेर आला. उंच, वाकलेला, स्वेटर घातलेला माणूस. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही.

"यांच्या घरचं कोण?"

दादा उठला आणि परत बसला. "तू जा," तो मला म्हणाला.

काचेमागची खोली लहानशी. मधोमध जाड काच, पलीकडे ते भलं मोठं यंत्र, आणि त्याच्या भोकात अर्ध्या गेलेल्या आमच्या वहिनी. डोक्यावर घेतलेले हात आणि छाती आत, आणि आमच्याकडे पाय. डॉक्टरीणबाईही तिथे होत्या. पडद्यावर वहिनींचं राखाडी चित्र होतं. छातीतले डाग निखाऱ्यासारखे उजळले होते. मी सुद्धा ओळखले असते. आणि यकृताच्या माथ्यावर, जिथे तो नवा असायला हवा, तिथे ओल्या शाईवरून अंगठा फिरवल्यासारखा फरकाटा.

"उजळलाय की नाही?" मी विचारलं.

"तेच कळत नाही," स्कॅनवाला म्हणाला. "यकृत स्वतःही थोडं रंग घेतं. त्यात हा मिसळलाय. त्या हलल्या आहेत."

"त्यांना हलू नका म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलंय. त्या म्हणतात, मी हलले नाही. पण मधून मधून उजवा पाय उडतो आणि त्याबरोबर अख्खं अंग सरकतं."

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी असं बसवलं, की बातमी वाईट आहे हे मला समजतं. "घरी कधी असा पाय उडताना पाहिलाय?" त्यांनी हळू विचारलं. "झोपेत? जेवताना? बोलता बोलता मध्येच गप्प झाल्या, असं काही?"

वहिनी बोलता बोलता मध्येच गप्प झाल्या असत्या, तर आम्ही अँब्युलन्सच बोलावली असती. पण मला विनोद सुचेना. बाई काय विचारत होत्या ते मला कळलं होतं. हा आजार डोक्यात शिरायला टपलेला असतो. डोक्याचा फोटो मागच्या वेळी साफ होता, पण याच्या हिशेबाने मागची वेळ म्हणजे युगं झाली. पाय उडतो म्हणजे झटका, झटका म्हणजे डोकं, आणि डोकं म्हणजे प्रयोगाचं दार बंद. माझी पाचावर धारण बसली.

"मला परत एकदा बघू द्या," मी म्हटलं.

स्कॅनवाल्याने बटण दाबलं. वहिनी ज्या अरुंद खाटेवर होत्या ती बारीक गचका देऊन जराशी पुढे सरकली. आणि चादरीखाली उजवा पाय हलला. टाच रोवली गेली, चवडा पुढे झाला, दाबला, दाबून धरला. खाट थांबली. मग पाय अगदी सावकाश, मऊपणे, मागे आला.

तो मऊपणा मी ओळखला. "ब्रेक सोडताना असा सोड की शेजारच्याच्या हातातला पेला सांडता कामा नये," हे मी हजारदा ऐकलं आहे.

मी हसायला लागले. ती हसायची जागा नव्हती, वेळ तर नव्हतीच, पण हसू मला आवरेना, आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की आता झटका मला आला असावा.

"बाई, तो झटका नाही," मी म्हटलं. "तो ब्रेक आहे."

मग सांगितलं सगळं. वहिनी बसल्यात, नाहीतर आडव्या आहेत, आणि गाडी दुसराच कोणीतरी चालवतोय, म्हटल्यावर तो पाय दाबला जाणारच. रिक्षात दाबतात, लिफ्टमध्ये दाबतात. माझ्या भाचीच्या पाळण्याला झोका दिला, तेव्हाही दाबला होता.

स्कॅनवाल्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याने फक्त खाट मागे घेतली. पाय दाबला गेला. थांबवली, पाय सुटला. मग बराच वेळ खाट हलवलीच नाही, पाय निवांत. पुढे घेतली, दाबला. त्याने माइकचं बटण दाबलं. "काकू, तुम्ही पाय का दाबताय?"

"कोण दाबतंय?" यंत्रातून वहिनींचा आवाज आला.

"तुम्ही."

"मी? माझा पाय ठेवल्या जागी आहे. तुमची खाटच गचके खातेय. क्लच नीट नाही तुमचा."

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "झटक्याला खाट हलली की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं," त्या म्हणाल्या. "डोक्याचा फोटो मी तरी परत घेईनच. पण हा ब्रेकच आहे." मग घड्याळाकडे बघून त्यांचा चेहरा पुन्हा कामाचा झाला. "मधला भाग पुन्हा घेऊ या. आत्ता. तासाभरात अंगातला उजेड निम्मा होतो, मग काही दिसायचं नाही."

"उद्या नाही का जमणार?"

"हे रोज बनत नाही. पुढची पाळी यायला काही आठवडे जातील. मी थांबेन. हा आजार थांबणार नाही."

पायाला पट्टा बांधायचं ठरलं. स्कॅनवाला आत गेला, दोन्ही पाय एकत्र करून रुंद पट्ट्याने आवळले, आणि लगबगीने बाहेर आला. खाट सरकवली. पाय हलले नाहीत. कंबर उचलली गेली.

"आता कंबर ब्रेक लावतेय," तो म्हणाला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कौतुक होतं.

"झोपेचं औषध?" मी विचारलं.

"त्यांच्या फुप्फुसांची ही अवस्था असताना घाईघाईने नको," बाई म्हणाल्या. "असा कुठला प्रसंग आहे का, की गाडी दुसरं कोणी चालवतंय आणि यांचा पाय गप्प आहे?"

मी आठवून बघितलं. घरातला, रस्त्यावरचा, लग्नाला गेलो होतो त्या बसमधला. कुठेच नाही. आणि मग लक्षात आलं, की असा एकच प्रसंग आहे, आणि त्याचा माझ्याइतका अनुभव कोणाला नाही.

"परीक्षेच्या दिवशी," मी म्हटलं. "तेव्हा त्या गाडीत नसतात. मैदानाच्या कडेला उभ्या असतात. तिथून काही करता येत नाही, हे त्यांच्या पायालाही माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनवाल्याकडे पाहिलं. त्याने माइक माझ्याकडे सरकवला. "बोला. पण हसवू नका. हसलं की पोट हलतं, पोट हललं की यकृत हलतं. आणि एकदा मशीन सुरू झालं की त्यांना बोलूही देऊ नका."

वहिनींना बोलू देऊ नका, असं मला सांगणारा हा पहिलाच माणूस.

"वहिनी, मी बोलतेय."

"तू तिथे काय करतेस? त्यांची बटणं दाबू नकोस हं."

"नाही दाबत. ऐका. तुम्ही गाडीत नाही आहात."

"मग कुठे आहे? मला तर गाडीपेक्षा अरुंद वाटतंय."

"मैदानाच्या कडेला उभ्या आहात. आज माझी परीक्षा आहे. शेजारी परीक्षक बसलाय. तुम्ही बाहेर."

"कितवी?"

"पाचवी."

"अरे देवा."

"आता तुम्हाला काही करता यायचं नाही."

"ते ठाऊक आहे मला. सिगरेट आहे का?"

डॉक्टरीणबाई छताकडे बघायला लागल्या.

"नाही. हात मोकळेच आहेत तुमचे."

"मोकळे कुठले, डोक्यावर घ्यायला लावलेत. मैदानाच्या कडेला हात वर करून उभी? परीक्षक म्हणेल, आधीच शरण आली."

स्कॅनवाल्याने बोट ओठांवर ठेवलं. मी गंभीर झाले. "वहिनी, आता बोलायचं नाही, हसायचं नाही. नुसतं बघायचं. तो यकृतावरचा डाग दिसला पाहिजे, आणि तो आजच दिसला पाहिजे. कळलं?"

"कळलं," वहिनी म्हणाल्या. तो आवाज वेगळा होता. तो मी फार वेळा ऐकलेला नाही. त्यांना सगळं कळत होतं, पहिल्यापासून.

"तर मी गाडीत बसले," मी सुरू केलं. "पट्टा लावला. आरसा नीट केला. हँडब्रेक काढला. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, आणि क्लच हळू, हळू सोडतेय."

स्कॅनवाल्याने बोटाने खूण केली. खाट सरकली. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा जरासा उचलला गेला.

"तुम्ही बाहेर आहात," मी लगेच म्हटलं.

अंगठा खाली आला.

मी गाडी चालवत राहिले. इतकी कंटाळवाणी गाडी आजवर कोणी चालवली नसेल. दुसरा गिअर. डावीकडचा इंडिकेटर, वळण, इंडिकेटर बंद. समोर कोणी नाही. कुत्रं नाही, पोरं नाहीत, सायकलवाला नाही. मी सगळ्या जगाला घरी पाठवून दिलं होतं. खाट पुन्हा सरकली. पाय तिथेच. मग रिव्हर्स आला, दोन ओळींत उभ्या केलेल्या खांबांच्या मधून. खऱ्या मैदानावर मी ते खांब इतक्यांदा पाडले होते, की एकेकाची तब्येत विचारावी इतकी आमची ओळख झाली होती. या वेळी एकालाही धक्का लागला नाही. मी बोलत होते आणि माझं लक्ष त्या पायावर होतं. किती जणींना, किती कुत्र्यांना, किती भिंतींना त्या पायाने वाचवलं होतं. तो आता चादरीखाली नुसता पडून होता, आणि तसा तो पडून राहावा म्हणून वहिनी काय करत असतील, ते त्यांनाच माहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला असेल, पण ते कपाळ यंत्राच्या आत होतं.

खाट शेवटची सरकली. मी चढावर गाडी थांबवली, पुन्हा काढली, मागे एक इंचही घसरू दिली नाही. मग रेषेपाशी नेली. "आणि थांबवली," मी म्हटलं. "मीच."

"झालं," स्कॅनवाला म्हणाला.

माझ्या पाठीवरचा ब्लाउज चिंब झाला होता. खाट बाहेर आली, वहिनींनी हात खाली घेतले, बोटं चोळली, आणि काचेकडे बघून म्हणाल्या, "रिव्हर्सला आरशात बघायचं राहिलं तुझं."

"बघितलं होतं. सांगायचं राहिलं."

"नाही बघितलंस. मी कडेलाच उभी होते."

पडद्यावर नवं चित्र यायला वेळ लागला. वहिनींना परत त्या जाड भिंतींच्या खोलीत पाठवलं होतं; दादाला मी आत बोलावून घेतलं. तो माझ्यामागे, माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा राहिला. चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटत गेलं. छातीचा तळ. यकृताची वरची कड. आणि त्या कडेवर, फरकाटा नाही, पसरलेला रंग नाही, एक गोल, नेटका, झळझळीत ठिपका.

डॉक्टरीणबाईंनी साध्या स्कॅनचं चित्र शेजारी लावलं. पेन्सिलीचं टोक एका डागावरून दुसऱ्या ठिपक्यावर नेलं. मग बाकीच्यांवरून एकेक करत पुन्हा सगळे पडताळले.

"सगळे आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "एकही काळा नाही."

दादा म्हणाला, "मी खाली जाऊन गाडी बघून येतो." गाडीला काही झालेलं नव्हतं. तो बऱ्याच वेळाने परत आला, डोळे लाल करून. वहिनींच्या अंगात अजून किरण होते, जवळ जायला मनाई होती, म्हणून त्यांना मी खोलीच्या दारातून, लांब उभं राहून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? मी काय सांगत होते?" आणि चेहरा भिंतीकडे वळवला. थोड्या वेळाने भिंतीकडूनच आवाज आला, "बये, रडायला लागू नकोस. लांबून समजूत काढता येत नाही मला."

डोक्याचा फोटोही साफ आला. औषध मागवलं गेलं.

ते द्यायची खोली वेगळी होती. दाराच्या आत शिसं, स्वतंत्र संडास, खिडकीपाशी एक खुर्ची, जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. घरच्यांनी तिच्या अलीकडे राहायचं. दादा पट्टीला बुटाची टोकं लावून उभा राहिला.

"गाडी खाली सावलीत उभी केलीय," तो म्हणाला.

"बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "जेवून घ्या तुम्ही. आणि हिला पण वाढा, नाहीतर ही नुसती बिस्किटं खाईल."

त्यांच्या पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात याहून जास्त प्रेमाचं बोलणं मी ऐकलेलं नाही.

नर्सने ट्रॉलीवरून जड डबा आणला. त्यातून निघाली ती एक एवढीशी बाटली. सलाइनच्या नळीला जोडली. आम्हाला बाहेर जायला सांगितलं. दाराच्या काचेतून मी बघत होते. वहिनी नळीकडे बघत होत्या, शिकाऊ पोरीच्या हातांकडे बघतात तशा, डोळ्यांत तेल घालून. बाटली रिकामी झाली. नर्सने बाहेरच्या माइकवरून विचारलं, "काही जाणवतंय का काकू?"

"काही नाही. एवढा गाजावाजा, आणि आत गेल्याचं कळलंसुद्धा नाही. काम करणारी माणसं अशीच असतात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन होता. हे औषध मारता मारता थोडं दिसतंही, त्यामुळे ते कुठे जाऊन बसलं याचा फोटो काढता येतो. या वेळी स्कॅनवाल्याने मला आधीच आत घेऊन बसवलं होतं. माइकपाशी पाण्याचा पेला ठेवला होता. मी त्याच मैदानावर तीच गाडी चालवली. वहिनी गप्प राहिल्या. आरशात बघितल्याचं या वेळी मी मोठ्याने सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. वहिनींची खुर्ची खिडकीपाशी, लांब; आमच्या खुर्च्या दाराजवळ. पडदा मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. तेच राखाडी शरीर, आणि तेच ठिपके, तिथेच.

"हे मागच्या वेळचं दाखवायचं औषध नाही," बाई म्हणाल्या. "हे खरं. आणि तेही नेमकं जायला हवं तिथेच गेलंय. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, ते काम करतंय."

वहिनी पुढे वाकून बघत राहिल्या. स्वतःच्या आजाराकडे त्यांना असं बघताना मी पहिल्यांदा पाहत होते. आधीच्या सगळ्या फोटोंच्या वेळी त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायच्या.

"हे विझणार कधी?" त्यांनी विचारलं.

"लहान होतील अशी आशा आहे. काहींचे झालेत. सगळे विझतील असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटं चालत नाही. रक्त तपासायचं, तुम्हाला सावरायला थोडा अवधी द्यायचा, मग दुसरा डोस. मग परत फोटो."

"म्हणजे आज दिसतायत, आणि पुढच्या वेळी कमी दिसले तर बरं."

"हो."

वहिनी उठल्या. बाई जरा मागे सरकल्या, वहिनींनी ते पाहिलं आणि अंतर राखूनच पडद्यापाशी गेल्या. यकृताच्या कडेवरच्या त्या गोल, नेटक्या ठिपक्याकडे त्यांनी बोट केलं.

"हा सगळ्यात शेवटी आला," त्या म्हणाल्या. "हा आधी गेला पाहिजे."

"बघू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बघू या नको. तारीख द्या."

बाई हसल्या. मग कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. वहिनी खिडकीपाशी परत जाऊन बसल्या, कुरळ्या केसांतून हात फिरवला, आणि त्या पानावर पेन्सिल टेकेपर्यंत बाईंवरची नजर काढली नाही.